लाखीशच्या वेशीतून आत

घड्याळ आणि मोबाईल इथेच ठेवा. चष्माही काढा, जिथे जायचंय तिथे डोळ्यांवर काच लावलेला माणूस कुणी पाहिलेला नाही. अंगात गुडघ्याखाली जाणारा लोकरीचा अंगरखा, कमरेला पट्टा, पायात चामड्याच्या वहाणा, एवढं पुरे. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकाची शेवटची वर्षं चालू आहेत. राज्य यहूदाचं, राजा हिज्कीया, राजधानी यरुशलेम. आणि तुम्ही त्या राजधानीच्या पोटात, भर खडकात, कमरेत वाकून उभे आहात.

समोर मातीची पसरट पणती आहे. जैतुनाच्या तेलाचा धूर छताला लागून परत तुमच्याच नाकात शिरतो. ही वाट जेमतेम 60 सेंटिमीटर रुंद. दोघांना एकमेकांना ओलांडायचं तर एकाला भिंतीला पाठ चिकटवून उभं राहावं लागतं. पुढे एकच माणूस लोखंडी टिकाव चालवतो, कारण दुसऱ्याला जागाच नाही. तो थकला की मागे सरकतो, मागचा पुढे जातो. तुमचं काम पाटीचं. कपच्या आणि ओला भुगा पाटीत भरायचा आणि मागच्याच्या हातात द्यायचा. तो त्याच्या मागच्याला देतो. शेवटची पाटी उजेडात कुठे रिकामी होते, ते तुम्हाला दिसत नाही.

शहराला पाणी देणारा गीहोनचा झरा डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्याचं पाणी एकसारखं वाहत नाही, मधूनमधून उसळतं आणि पुन्हा बसतं. शत्रूने वेढा घातला तर पहिला हात तो याच झऱ्यावर टाकणार. म्हणून झऱ्याचं तोंड बाहेरून झाकायचं आणि पाणी खडकातूनच तटाच्या आत वळवायचं, असा बेत आहे. एक टोळी झऱ्याकडून खोदत निघाली आहे आणि दुसरी, म्हणजे तुमची, दक्षिणेकडच्या तळ्याच्या बाजूने. मध्ये शेकडो हात खडक. बोगदा सरळ नाही, चांगला नागमोडी आहे. तो असा का वळला यावर अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही. पण आत उभं असताना तो प्रश्न तुमच्या मनात येतच नाही. इथे एकच प्रश्न आहे: पलीकडची माणसं आहेत कुठे?

आणि एके दिवशी टिकाव चालवणारा हात वर करतो. सगळे थांबतात. दगडातून काहीतरी येतं. आधी ठक, मग थोड्या वेळाने पुन्हा ठक, आणि मग स्पष्ट माणसाचा आवाज. कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय. तुमच्या पुढचा माणूस भिंतीला कान लावतो आणि ओरडून ओ देतो. तीन हात खडक उरलाय. त्यानंतर कुणी पाळी मोजत नाही, कुणी मागे सरकायला तयार होत नाही. टिकावाला समोरून टिकाव भिडतो, भोकातून पलीकडच्या पणतीचा उजेड येतो, आणि धुळीने माखलेला एक चेहरा तुमच्याकडे बघून हसतो.

हा बोगदा आज मोजला तर 533 मीटर भरतो. एवढ्या लांबीत दोन्ही टोकांच्या उंचीत फरक फक्त 30 सेंटिमीटरच्या आसपास. होकायंत्र नाही, दुर्बीण नाही, तरी पाणी आपणहून वाहतं. काम झाल्यावर खोदणाऱ्यांपैकी कुणीतरी, किंवा त्यांच्या वतीने कुणीतरी, आतली भिंत घासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर सहा ओळी कोरल्या. त्यात टोळ्या भेटल्याचा दिवस आहे, ती हाक आहे, उरलेले तीन हात आहेत, पाणी बाराशे हात वाहत गेल्याची नोंद आहे. राजाचं नाव मात्र नाही, देवाचंही नाही. प्राचीन राजांचे लेख बहुतेकदा बिरुदांनी सुरू होतात. हा लेख टिकाव धरणाऱ्या माणसाने टिकाव धरणाऱ्या माणसाला मारलेल्या हाकेचा आहे, आणि त्या काळातून आलेल्या लिखाणात मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. 1880 मध्ये तो सापडला, पुढे भिंतीतून कापून काढला गेला आणि आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

आता वर चला.

उजेडात आल्यावर पहिलं लक्षात येतं ते म्हणजे गर्दी. उत्तरेचं इस्राएल राज्य वीस-एक वर्षांपूर्वी अश्शूर साम्राज्याने गिळलं, त्याची राजधानी शोमरोन पडली, आणि जमेल तेवढी माणसं पोरंबाळं घेऊन दक्षिणेत पळून आली. पश्चिमेकडची टेकडी, जिथे पूर्वी फारसं कुणी राहत नव्हतं, ती आता घरांनी भरली आहे. तिथे सध्या नवा तट बांधायचं काम चालू आहे. तब्बल सात मीटर जाड. तटाच्या रेषेत ज्यांची घरं आली, ती पाडली जात आहेत आणि त्यांचेच दगड तटात घातले जात आहेत. एक बाई आपल्या चुलीचे दगड उचलून बाजूला ठेवते आहे आणि मुकादम तिला म्हणतो आहे, "बाई, तेवढे तरी राहू दे, भिंतीला लागतील." यशया संदेष्टा या घरं पाडून तट चिणण्यावर उघड टीका करतो. विसाव्या शतकात नाहमान अविगाद या पुरातत्त्वज्ञाने हा तट उकरून काढला, तेव्हा त्याच्याखाली तोडलेली घरं तशीच सापडली. यशयाचे शब्द आणि जमिनीतले दगड इतके तंतोतंत जुळलेले क्वचितच बघायला मिळतात.

हे सगळं कशासाठी चाललंय, ते थोडक्यात सांगतो. अश्शूरचा बलाढ्य राजा सार्गोन इसवी सनापूर्वी 705 मध्ये रणात मारला गेला. त्याचा देहही हाती लागला नाही. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातल्या मांडलिकांना वाटलं, हीच वेळ. खंडणी थांबली. हिज्कीयानेही थांबवली, शेजारच्या एक्रोनचा अश्शूरनिष्ठ राजा पादी याला यरुशलेमात कोंडून ठेवलं, आणि मिसरकडून, म्हणजे इजिप्तकडून, मदत येईल या भरवशावर राहिला. पण सार्गोनच्या गादीवर बसलेला त्याचा मुलगा सन्हेरीब दुबळा निघाला नाही. आधी त्याने बाबेलकडचं बंड मोडलं, आणि इसवी सनापूर्वी 701 मध्ये तो पश्चिमेला वळला. किनाऱ्याने खाली उतरत एकेक शहर झुकवत तो यहूदाच्या दाराशी आला.

बोगद्यातलं तुमचं काम संपलंय. आता तुम्हाला गाढवं हाकायची आहेत.

यरुशलेमहून नैर्ऋत्येला उतरत जाणारा रस्ता दगडी डोंगरातून शेफेला या सखल टेकड्यांच्या पट्ट्यात येतो. इथे माती चांगली, द्राक्षाचे मळे, जैतुनाची झाडं, खोऱ्यांत गहू आणि जव. आणि याच भागात कुंभारांच्या भट्ट्या दिवसरात्र चालू आहेत. सगळे एकाच घाटाचे रांजण काढतायत: चार कानांचे, फुगीर पोटाचे, साधारण 45 लिटर मावणारे. ओल्या मातीच्या कानावर शिक्का उठतो. कधी चार पंखांचा भुंगा, कधी पंख पसरलेली सूर्यतबकडी, वर 'राजाचं' एवढीच अक्षरं आणि खाली चार गावांपैकी एकाचं नाव. तुमच्या गाढवांवर असे रिकामे रांजण चढवलेत. लाखीशच्या कोठारात तेल आणि द्राक्षारस भरून ठेवायला ते हवेत. एका कानावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसाही उठलाय. शिक्का मारताना दाबलेला. जाता जाता त्यात स्वतःचा अंगठा बसवून बघा.

दुसऱ्या दिवशी लाखीश दिसतं. यहूदात यरुशलेमच्या खालोखाल हेच शहर. उंच टेकडी, उतारावर खालचा तट, माथ्यावर वरचा तट, आणि मधोमध प्रचंड जोत्यावर उभा असलेला वाडा. वेस नैर्ऋत्येला आहे. आत शिरताना दोन्ही अंगांना देवड्या लागतात, त्यांत दगडी बाकांवर शहरातली वडीलधारी मंडळी बसतात. न्यायनिवाडा इथेच, बाजारभावही इथेच ठरतो. एका देवडीतून आत गेलं की देवघर होतं. होतं म्हणायचं, कारण तिथल्या वेदीची शिंगं फोडून टाकलीत, आणि खोलीत बसवलाय मधोमध भोक असलेला दगड. शौचाला बसायचा. देवाची जागा कायमची विटाळायची ही रीत. हिज्कीयाने गावोगावची देवस्थानं बंद केली आणि पूजा फक्त यरुशलेमच्या मंदिरात व्हावी असं ठरवलं, हे शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, लिहिलंय. 2016 मध्ये पुरातत्त्वज्ञांना लाखीशच्या वेशीत या फोडलेल्या वेदी आणि हा दगड सापडला. तपासणीत असं दिसलं की त्याचा वापर कधी झालाच नव्हता. उत्खनन करणाऱ्यांनी त्याचा संबंध हिज्कीयाच्या याच फर्मानाशी जोडला.

बाकावर बसलेली म्हातारी तुम्ही बघताय ते ओळखते. "यरुशलेमहून आलास ना पोरा? तिकडे देव आहे म्हणतात. इथला तर तुझ्या राजाने नेला." ती रागावलेली नाही. पण हे बोलताना तिने तुमच्या पाणी मागणाऱ्या गाढवाकडे पाहिलं आणि कुणाला तरी हाक मारून बादली आणायला सांगितलं, हे लक्षात ठेवा. लाखीशची विहीर 44 मीटर खोल आहे. एक बादली वर ओढायला दोन माणसांचे हात भरून येतात, आणि ते पाणी तुमच्या गाढवाला मिळालं.

रांजण उतरवून तुम्ही परत निघायच्या आतच उत्तरेकडून धूळ दिसते आणि वेस बंद होते. आता तुम्ही लाखीशचे.

पुढच्या दिवसांचं वर्णन करताना मी घाई करणार नाही. यहूदाची बाकीची शहरं कशी पडली ते फारसं कळत नाही. लाखीश कसं पडलं ते मात्र आपल्याला दोन्ही बाजूंनी कळतं, जिंकणाऱ्याने कोरलेल्या चित्रांतून आणि हरलेल्यांच्या जमिनीतून.

अश्शूरी फौज घाईत नसते. पहिल्यांदा छावणी पडते, तंबू, खानसाम्यांच्या चुली, राजाचा वेगळा तंबू. मग नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर, जिथे टेकडीचा चढ त्यातल्या त्यात कमी आहे, तिथे दगड पडायला लागतात. माणसांच्या रांगा दगड आणून टाकत राहतात. ती माणसं आधी पडलेल्या गावांतली तुमचीच असावीत, असं खूप अभ्यासकांना वाटतं. तटावरून बाण सोडायचा तर तो कुणाच्या पाठीत जाईल, याचा विचार करा. दिवसागणिक उतार वर चढत येतो. त्यात 13,000 ते 19,000 टन दगड होते, असा अंदाज उत्खनन करणाऱ्या डेव्हिड उस्सिश्किन यांनी केलाय. तो चढाव आजही तिथे आहे. अश्शूरी वेढ्याचा असा चढाव जगात इतका स्पष्ट दुसरीकडे कुठेच उरलेला नाही.

आतली माणसं गप्प बसलेली नाहीत. चढाव बाहेरून वर येतोय, तर आतून तटाला टेकून माती-दगडांचा दुसरा ढीग वर चढवायचा, म्हणजे तट फुटला तरी मागे दुसरी फळी तयार. पाटी पुन्हा तुमच्या हातात येते. इथे मात्र घरं मोडून आणलेल्या विटा आहेत, मागल्या पिढ्यांच्या कचऱ्याची माती आहे, फुटकी खापरं आहेत. पाटीत रांजणाचा एक कान येतो, भुंग्याचा शिक्का असलेला. पुढे द्या.

एका सकाळी तटावरून एक विचित्र गोष्ट दिसते. यरुशलेमच्या वाटेने माणसं येतायत, ओझी लादलेली जनावरं घेऊन, आणि ती वेशीकडे न येता थेट शत्रूच्या छावणीत जातात. शास्त्रात याची नोंद आहे: हिज्कीयाने लाखीशला असलेल्या अश्शूरच्या राजाकडे निरोप पाठवला, माझी चूक झाली, परत जा, मागशील ती खंडणी देतो. 300 किक्कार चांदी आणि 30 किक्कार सोनं ठरलं. किक्कार म्हणजे तीसेक किलोचं वजन. त्यासाठी मंदिराच्या दारांवरचा पत्रा उचकटला गेला. तुमच्या शेजारी उभा असलेला गोफणवाला ते पाहतो. तो काही बोलत नाही. छावणीत हालचाल होते, माणसं आत जातात, बाहेर येतात, निघून जातात. आणि समोरच्या चढावावर दगड पडणं क्षणभरही थांबत नाही.

राजधानीने स्वतःसाठी रदबदली केली आणि त्यात आपलं शहर नव्हतं, हे लाखीशच्या तटावर उभ्या असलेल्या माणसांना त्या दिवशी कळलं असेल का? मला वाटतं, कळलं असणार. तरी ती तटावर राहिली.

मग धडकयंत्रं येतात. चाकांवर चालणारी, चामड्याने मढवलेली पेटी, तिच्या नाकातून पुढे आलेला लांब वासा. चढावावरून ती वर रेटली जातात. दोन्ही बाजूंनी तिरंदाज, माणसाहून उंच वेताच्या ढालींच्या आडून बाण सोडणारे, आणि मागे गोफणवाले. गोफणगुंडा मुठीएवढा, अडीचशे ग्रॅमच्या आसपास. डोक्यावर बसला की माणूस उठत नाही. तटावरून पेटत्या मशाली यंत्रांवर फेकल्या जातात. चामडं पेट घेतंच. पण यंत्राच्या आत बसलेल्या एका अश्शूरी शिपायाकडे बघा. त्याच्या हातात लांब दांड्याचा मोठा डाव आहे आणि तो यंत्राच्या कपाळावर सतत पाणी ओततोय. मशाल पडते, तो पाणी ओततो. अश्शूरची राजधानी निनवे इथल्या शिल्पकाराने हा डाव कोरून ठेवलाय. एवढ्या रणधुमाळीत पाणी ओतणारा हात त्याला दिसला, याचं मला फार कौतुक वाटतं. शिल्पकार शत्रूपक्षाचा असला तरीही.

तुमच्याकडे अजून दोन उपाय आहेत. मोठ्या दगडांना भोक पाडून त्यात दोर ओवलाय. ते तटावरून खाली सोडायचे आणि हेलकावे देऊन यंत्राचा वासा बाजूला ढकलायचा. आणि लोखंडी साखळी खाली सोडून वासा अडकवायचा, वर ओढायचा. या कोपऱ्यातून ते भोकाचे दगड सापडले, एकात जळलेल्या दोराचे अवशेष होते. साखळीचा तुकडा सापडला. आणि लोखंडी बाणांची टोकं शेकड्यांनी, त्यातली कित्येक वाकलेली, म्हणजे ती जिथे लागली तिथे जोरात लागली.

दोर कुणाच्या हातात आहे? तुमच्या. तळवे सोललेत. खालून खेच बसते, दोराला पीळ पडतो, आणि तुमच्या मागचा माणूस तुमच्या कमरेला धरून मागे रेलतो. धडक बसते तेव्हा आवाजाआधी तटाची थरथर पायांतून वर येते. पहिल्यांदा वीट सुटते, मग विटांचा पडदा. तट वरच्या भागात कच्च्या विटांचाच आहे. फुटल्यावर तो मातीसारखा ओघळतो.

मग लाखीश जळतं. त्या आगीने कच्च्या विटा भाजून लाल झाल्या. उत्खननात हा लाल थर दिसला की काम करणाऱ्यांना सांगावं लागत नाही की आपण 701 ला पोहोचलो. टेकडीच्या उतारावरच्या गुहांमध्ये 1930 च्या दशकात जेम्स स्टार्की यांच्या चमूला सुमारे 1,500 माणसांची हाडं एकत्र टाकलेली सापडली. त्यात बायका आणि मुलंही होती. बरेच अभ्यासक ती याच वेढ्यातली मानतात.

तुम्ही वाचलात. वाचलेल्यांना वेशीतून बाहेर काढलं जातं. बैलगाड्यांवर गाठोडी, गाठोड्यांवर मुलं. डोक्यावरून पायांपर्यंत लांब वस्त्र घेतलेल्या बाया, खांद्यावर पखाल नि पिशवी. एक उंटही लादलेला आहे. रस्त्याच्या कडेला काय केलंय ते बघायची सक्ती आहे: तीन माणसं खांबांवर टोचून उभी केलीत आणि काहींची चामडी जिवंतपणी सोलली जातेय. हेही शिल्पात कोरलेलं आहे आणि अभिमानाने कोरलेलं आहे. टेकाडावर उंच सिंहासनावर सन्हेरीब बसलाय. लूट त्याच्या समोरून नेली जाते आहे. त्या लुटीत तुम्ही आहात. त्याच्याकडे मान वर करून बघू नका. समोरची मंडळी जमिनीवर कपाळ टेकतायत, तुम्हीही टेका. पुढे निनवेपर्यंत हजार किलोमीटरहून जास्त पायपीट आहे.

यरुशलेमचं काय झालं, ते या रांगेतल्या तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून ते मी सांगतो.

सन्हेरीबने लाखीशहूनच आपले सरदार यरुशलेमला पाठवले. वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परटांच्या शेताच्या वाटेवर, रब-शाके नावाच्या हुद्द्याचा अधिकारी उभा राहिला आणि तटावरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांच्याच भाषेत बोलू लागला. हिज्कीयाचे कारभारी घाबरले: अरामी बोला, आम्हाला समजतं, तटावरच्यांसमोर यहूदी भाषेत नको. त्याने ऐकलं नाही. उलट आवाज चढवला. तुमच्या राजाने देवाचीच ठाणी पाडली, आता तोच देव तुम्हाला वाचवेल होय? लाखीशच्या वेशीतली फोडलेली वेदी ज्याने बघितली, त्याला या वाक्याची धार कळते. लोक गप्प राहिले; राजाने तशी ताकीद दिली होती.

पुढचं प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितलं. शास्त्र म्हणतं, देवाच्या दूताने एका रात्रीत अश्शूरी छावणीतले 1,85,000 मारले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने मिसरमध्ये ऐकलेली गोष्ट अशी की उंदरांनी अश्शूरी सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या कुरतडल्या. सन्हेरीबच्या स्वतःच्या मातीच्या वृत्तांतात, जो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, 46 तटबंद शहरं जिंकल्याची, 2,00,150 माणसं नेल्याची आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याची फुशारकी आहे. खंडणी मिळाल्याचीही आहे. यरुशलेम घेतलं, असं मात्र त्यात कुठेही नाही. ज्याने प्रत्येक विजय मिरवला तो इथे गप्प आहे, आणि त्या गप्प राहण्यातच यरुशलेम वाचल्याची ग्वाही मिळते.

दूत आला असेल, रोगराई आली असेल, खंडणी पुरली असेल. मला त्यावर निवाडा द्यायचा नाही. पण एक हिशेब मात्र मांडायलाच हवा. फौज लाखीशपाशी अडकली ते दिवस यरुशलेमच्या पदरात पडले. चढाव बांधायला लागलेला प्रत्येक दिवस, दोराला लटकून घालवलेली प्रत्येक रात्र, राजधानीच्या खात्यावर जमा झाली. गीहोनचं पाणी बोगद्यातून वाहत होतं, सात मीटरचा तट उभा होता, पण शत्रूची ताकद खर्च झाली ती दुसऱ्या शहराच्या तटावर. शास्त्राने यरुशलेमच्या सुटकेवर अध्यायच्या अध्याय लिहिले. लाखीश कसं पडलं यावर त्यात एक वाक्य नाही. सन्हेरीबच्या लेखी वृत्तांतातही लाखीशचं नाव नाही. ते नाव त्याने आपल्या महालाच्या एका खोलीत, भिंतभर चित्रांत आणि चित्रावरच्या एका ओळीत ठेवलं.

सन्हेरीब इसवी सनापूर्वी 681 मध्ये आपल्याच मुलांच्या हातून मारला गेला. निनवे 612 मध्ये पडलं, महाल जळला. कुणीतरी त्या खोलीत जाऊन सिंहासनावर बसलेल्या राजाचा चेहरा छिन्नीने फोडला. बाकी चित्रं मात्र तशीच राहिली, ढिगाऱ्याखाली गाडली गेली. एकोणिसाव्या शतकात ऑस्टिन हेन्री लेयर्ड यांनी ती उकरली आणि लंडनला नेली.

तेव्हा यापुढे बायबलमधली ही कथा वाचाल तेव्हा घाई करू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. त्यातल्या '2 राजे' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात रब-शाके तटाखाली उभा राहतो, तिथे ही सगळी माणसं आहेत. आणि कधी लंडनला गेलात, तर ब्रिटिश म्युझियममधल्या लाखीशच्या दालनात जरूर जा. तिथे जाणारे बहुतेक जण फोडलेल्या चेहऱ्याच्या राजासमोर थांबतात. तुम्ही बैलगाड्यांच्या रांगेसमोर थांबा. त्या माणसांसाठी उभारलेलं दुसरं स्मारक जगात नाही, आणि हेही त्यांना मारणाऱ्याने उभारलंय.